बालकाच्या झोपेचे 'प्रशिक्षण' आणि अधिकृत सल्ला : पोहरादेवी परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

तान्ह्या मुलाने रात्री केव्हा झोपावे, कोठे झोपावे आणि मध्येच जाग आली तर त्याला उचलून घ्यावे की रडू द्यावे, हे प्रश्न वरकरणी घरगुती वाटतात. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नांवर डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, शासनसंस्था आणि व्यावसायिक संघटना यांनी जेवढा सल्ला दिला आहे, तेवढा बालसंगोपनाच्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या अंगावर दिला असेल. या सल्ल्याचा एक प्रवाह 'स्लीप ट्रेनिंग' या नावाने ओळखला जातो. मुलाला जागे असतानाच अंथरुणावर ठेवावे, रडले तरी ठरावीक वेळ जवळ जाऊ नये, हा वेळ हळूहळू वाढवत न्यावा आणि अशा रीतीने मुलाला स्वतःचे स्वतः झोपावयास शिकवावे, असे या पद्धतीचे सर्वसाधारण स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात या सल्ल्याची पार्श्वभूमी, त्यामागील पुराव्याची ताकद आणि वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवीसारख्या परिसरात त्याचा होणारा अर्थ यांचा विचार केला आहे.

पोहरादेवी (ता. मानोरा) हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर येथे आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, कर्नाटक, आंध्र प्रदेश या राज्यांतूनही भाविक येतात. 'बंजारा समाजाची काशी' असा या गावाचा उल्लेख केला जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये येथे नंगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले. वास्तुरूपाने वारसा जपला जात असताना त्याच समाजाच्या घराघरांतील संगोपनाची रीत मात्र अभ्यासाचा विषय फारशी होत नाही. म्हणूनच हा संदर्भ निवडला आहे. शिवाय, सल्ला जेथे तयार झाला त्या समाजाच्या जास्तीत जास्त विरुद्ध टोकाला असलेल्या ठिकाणी तो तपासून पाहिला, तर त्यातील विज्ञान किती आणि रिवाज किती हे अधिक स्पष्ट दिसते.

सल्ल्याचा इतिहास

रडणाऱ्या मुलाला उचलू नये, हा सल्ला प्रयोगशाळेतून आलेला नाही. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ल्यूथर एमेट होल्ट यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नोत्तररूप पुस्तकात तो ठळकपणे येतो. हे पुस्तक मुळात रुग्णालयातील दायांच्या प्रशिक्षणासाठी लिहिले गेले होते, ही बाब महत्त्वाची आहे. अनेक मुलांची देखभाल मोजक्या परिचारिकांनी करावयाची असते, तेव्हा घड्याळाप्रमाणे दूध आणि घड्याळाप्रमाणे झोप ही सोय अपरिहार्य ठरते. पुढे ही संस्थेची सोय घराचा आदर्श झाली. न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग यांनी १९०७ मध्ये सुरू केलेल्या प्लंकेट सोसायटीने चार-चार तासांचे वेळापत्रक आणि रात्री दूध न देण्याची शिस्त ब्रिटिश साम्राज्यभर पोहोचवली. १९१४ मध्ये अमेरिकन शासनाच्या चिल्ड्रेन्स ब्यूरोने 'इन्फंट केअर' ही पुस्तिका काढली आणि नियमितपणाच्या आग्रहावर सरकारी मोहोर उमटली. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये तर मुलाला कुरवाळणे हीच हानिकारक गोष्ट ठरवली.

यानंतर काळ बदलला. बेंजामिन स्पॉक यांच्या १९४६ मधील पुस्तकाने आईच्या स्वतःच्या समजुतीवर विश्वास ठेवावयास सांगितले. परंतु रात्रीच्या बाबतीत जुना प्रवाह आटला नाही. बोस्टनचे रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ मधील पुस्तकाने टप्प्याटप्प्याने रडू देण्याची पद्धत इतकी लोकप्रिय केली की अमेरिकेत त्यांच्या नावाचे क्रियापद झाले. फर्बर यांनीच २००६ च्या सुधारित आवृत्तीत, मूल आईवडिलांजवळ झोपण्यास असलेला आपला आधीचा कडवा विरोध बराच सौम्य केला. सल्ला घेणाऱ्यांपर्यंत ही दुरुस्ती मूळ मताइतक्या वेगाने पोहोचली नाही, हे सांगावयास नकोच.

त्याच २००६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संघटनेने ५२ अभ्यासांचा आढावा घेऊन वर्तनोपचारांना मान्यता दिली. त्यांत मुलाच्या रडण्याकडे पूर्ण दुर्लक्ष करण्याच्या पद्धतीचाही समावेश होता. ९४ टक्के अभ्यासांत परिणाम अनुकूल आढळले, असे त्या आढाव्यात नमूद आहे. येथून पुढे या पद्धतीला 'पुराव्यावर आधारित' हे विशेषण चिकटले. हा पुरावा नेमका कशाचा आहे, हे तपासणे आवश्यक आहे.

पुरावा कशाचा?

या अभ्यासांतून काय सिद्ध झाले, याचे उत्तर साध्या शब्दांत असे देता येईल : मूल रात्री आईवडिलांना हाक मारणे कमी करते. मूल जागे होणे थांबते, असे मात्र सिद्ध झालेले नाही. थॉमस अँडर्स यांनी १९७० च्या दशकात मुलांच्या झोपेचे रात्रभर चित्रीकरण केले. सर्वच तान्ही मुले रात्रीतून अनेकदा जागी होतात, काही रडून कळवतात आणि काही न कळवता पुन्हा झोपतात, असे त्यांना दिसले. पुढे कॅनडातील २३५ कुटुंबांवरील चाचणीत (२०१५) मुलांच्या पायाला हालचाल नोंदवणारे यंत्र बांधले गेले. आईवडिलांच्या मते मुलांची झोप सुधारली होती. यंत्राच्या नोंदीत मात्र प्रशिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या जागे होण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आईवडिलांना विसावा मिळाला, ही गोष्ट खोटी नाही आणि क्षुल्लकही नाही. परंतु त्यास 'मूल झोपावयास शिकले' असे म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

हानीच्या प्रश्नावरही दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती झाली आहे. न्यूझीलंडमधील केवळ २५ मुलांच्या अभ्यासाचा (२०१२) आधार घेऊन, रडणे थांबले तरी मुलाच्या शरीरातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढेच राहते, असा निष्कर्ष जगभर पसरला. एवढ्या लहान नमुन्यावर एवढे मोठे विधान उभे राहू शकत नाही. उलट बाजूस ऑस्ट्रेलियातील ३२६ मुलांचा पाठपुरावा वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत केला गेला (२०१२). त्यात दीर्घकालीन हानी आढळली नाही. तसाच दीर्घकालीन लाभही आढळला नाही. समर्थक पहिला अर्धा भाग सांगतात आणि दुसरा गाळतात. शिवाय तेथील कार्यक्रम सात-आठ महिन्यांच्या मुलांसाठी होता आणि त्यात आईवडिलांना मुलाजवळ थांबण्याचाही पर्याय होता. दोन महिन्यांच्या मुलाला बंद दारामागे रडू द्यावे, यास त्या अभ्यासाचा आधार घेता येत नाही. पहिल्या सहा महिन्यांपुरता विचार करावयाचा तर पामेला डग्लस आणि पीटर हिल यांचा २०१३ मधील आढावा अधिक उपयुक्त आहे. या वयात अशा उपायांनी आई किंवा मूल यांच्या स्थितीत सुधारणा होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

मुळात 'रात्रभर झोपणे' ही अपेक्षा कोणी ठरवली? २०१८ मध्ये 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासानुसार सहा महिन्यांची सुमारे ३८ टक्के आणि बारा महिन्यांची सुमारे २८ टक्के मुले सलग सहा तासही झोपत नव्हती. त्यांच्या मानसिक व शारीरिक विकासात या कारणाने काही उणीव दिसली नाही. ज्या गोष्टीत एक तृतीयांशाहून अधिक निरोगी मुले 'नापास' होतात, ती कसोटीच सदोष मानली पाहिजे. दिवस-रात्रीचा भेद जाणणारी मेलाटोनिनची लय मुलाच्या शरीरात जन्मानंतर दोन-तीन महिन्यांनी आकार घेऊ लागते. मानवी दुधात प्रथिने आणि स्निग्धांश तुलनेने कमी असल्यामुळे ते लवकर पचते व पुन्हा भूक लागते. रात्रीचे जागरण हा या शरीररचनेचाच भाग आहे. वाईट सवय म्हणून त्याकडे पाहणे म्हणजे शरीरशास्त्राला शिस्त लावावयास निघणे होय.

दोन अधिकृत सल्ले

येथे एक विसंगती लक्षात घेणे अगत्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या बालस्नेही रुग्णालय उपक्रमाच्या दहा पायऱ्यांत, आई व मूल यांना चोवीस तास एकत्र ठेवावे आणि मूल मागेल तेव्हा पाजावे, असे सांगितले आहे. भारतातील एकात्मिक बालरोग व्यवस्थापनाच्या मार्गदर्शनात दिवसा व रात्री मिळून चोवीस तासांत किमान आठ वेळा स्तनपान सांगितले जाते. २०११ पासूनच्या गृहाधारित नवजात शिशू काळजी कार्यक्रमात आशा स्वयंसेविका हाच संदेश घरोघर देतात आणि २०१६ च्या 'मा' कार्यक्रमाने त्यास बळ दिले. म्हणजे पोहरादेवीच्या आशाताईजवळ असलेला अधिकृत सल्ला 'रात्री पाजा' असा आहे. पुण्यात नोकरीस गेलेल्या तांड्यातील मुलीला मोबाइलवर दिसणारा, तितकाच अधिकृत वाटणारा सल्ला 'रात्री पाजून झोपवू नका, सवय लागेल' असा असतो. दोन्ही सल्ले एकाच बाळाला एकाच रात्री लागू करता येत नाहीत.

रात्रीच्या स्तनपानाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. १९८८ मध्ये इटलीतील बेलाजिओ येथे झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने असे मान्य केले की मूल सहा महिन्यांच्या आतील असेल, त्यास पूर्णतः अंगावरचेच दूध दिले जात असेल आणि आईची मासिक पाळी परत सुरू झाली नसेल, तर पुन्हा गर्भधारणा होण्यापासून ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. रात्री फार मोठा खंड पडू न देणे, हे या पद्धतीत गृहीत आहे. ज्या स्त्रीला दोन बाळंतपणांतील अंतर राखण्याची अन्य साधने सहज मिळत नाहीत, तिला 'मूल रात्रभर झोपू द्या' असे सांगण्याचा परिणाम केवळ झोपेपुरता राहत नाही. स्लीप ट्रेनिंगवरील पुस्तकांत या बाबीचा उल्लेखही नसतो, कारण त्यांच्या वाचकवर्गाला तिची गरज नसते.

शेजारी झोपण्याचा प्रश्न

प्रशिक्षणाच्या सल्ल्याशी मुलाला वेगळे झोपवण्याचा सल्ला गुंतलेला असतो. तथापि दोन्हींचा पुरावा वेगवेगळा आहे आणि त्यांची गल्लत करू नये. मूल अचानक दगावण्याच्या घटनांवरील संशोधन गंभीर आहे. बाळाला पाठीवर झोपवावे, हा सल्ला ब्रिटनमध्ये १९९१ आणि अमेरिकेत १९९४ मध्ये मोहिमेच्या रूपाने आला आणि त्याने हजारो जीव वाचवले. त्यापूर्वी कित्येक वर्षे तज्ज्ञांचा सल्ला नेमका उलटा, म्हणजे पालथे झोपवा असा होता. उपलब्ध पुरावा वेळीच एकत्र तपासला गेला असता तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान पन्नास हजार बालमृत्यू टळले असते, असा अंदाज २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मांडला गेला. सल्ला देणाऱ्यांच्या अधिकाराबद्दल आदर ठेवूनही सल्ला तपासत राहणे का आवश्यक आहे, यासाठी याहून कठोर उदाहरण शोधण्याची गरज नाही.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सच्या २०१६ आणि २०२२ च्या धोरणांत मूल आईवडिलांच्या खोलीतच, परंतु वेगळ्या पृष्ठभागावर झोपवावे असे म्हटले आहे. ज्या घरांत पलंगावर जाड मऊ गाद्या, उशा, रजया असतात, जेथे सोफ्यावर मुलासह डोळा लागण्याची शक्यता असते, तेथे या सल्ल्यास आधार आहे. धूम्रपान, मद्यपान आणि अपुऱ्या दिवसांचे मूल हे धोके तर सर्वत्रच खरे आहेत. परंतु ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये सरसकट मनाई न करता सुरक्षित सहशयनाची माहिती पालकांना द्यावी, असे सुचवले. अमेरिकेतीलच ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनचा सुधारित मसुदाही साधारण याच दिशेचा आहे. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मॅकेना यांनी आई-मुलाच्या जोड्यांच्या झोपेचे प्रयोगशाळेत निरीक्षण केले असता सहशयनाच्या रात्री मूल अधिक वेळा प्यायले आणि आई-मुलांच्या जागे होण्याच्या वेळा एकमेकांशी जुळल्या. झोपेत पाजणाऱ्या या जोडीला एकत्रच अभ्यासले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे.

जगाचा विचार केल्यास आईजवळ झोपणारे मूल हा अपवाद नव्हे. जोडी मिंडेल व सहकाऱ्यांच्या २०१० मधील सर्वेक्षणात भारतासह १७ देश-प्रदेशांतील २९,२८७ मुलांची माहिती घेतली गेली. आईवडिलांच्या अंथरुणात झोपणाऱ्या मुलांचे प्रमाण न्यूझीलंडमध्ये सुमारे ६ टक्के, तर व्हिएतनाममध्ये ८३ टक्के होते. एकाच वयाच्या निरोगी मुलांत एवढे अंतर असेल, तर ते शरीराचे नसून घरांचे आहे. हे अंतर न समजल्याने काय घडू शकते, याचे एक उदाहरण २०११ मध्ये नॉर्वेतील स्टॅव्हँगर येथे घडले. तेथील बालकल्याण यंत्रणेने एका भारतीय कुटुंबातील दोन मुले ताब्यात घेतली. मुलांना हाताने भरवणे आणि जवळ झोपवणे हेही आक्षेपांत होते, असे पालकांचे म्हणणे होते. यंत्रणेने ते मान्य केले नाही. प्रकरण दोन देशांच्या सरकारांपर्यंत गेले आणि २०१२ मध्ये मुले भारतात परतली. खरे कारण काहीही असो, भारतात ही बातमी वाचणाऱ्या प्रत्येक आईला पहिला धक्का बसला तो 'जवळ झोपवणे' या शब्दांचा.

तांड्यातील रात्र

विदर्भातील एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या पुढे जातो. एक-दोन खोल्यांच्या घरात बाळाची स्वतंत्र खोली ही कल्पनाच संभवत नाही. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर किंवा जमिनीवर गोधडी टाकून सारे घर झोपते. आढ्याला वा झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली असते. विंचू-काट्यापासून आणि मुंग्यांपासून मूल वर राहते, वारा लागतो, येता-जाता कोणीही झोका देते. बंजारा समाजात वर्षभरात जन्मलेल्या मुलाचा 'धुंड' हा विधी होळीला सारा तांडा मिळून साजरा करतो. मूल एकट्या आईबापाचे नसते, हे त्यातून सूचित होते. अशा घरात मूल रडले म्हणजे आजी, आत्या, थोरली बहीण यांपैकी कोणाचा तरी हात दोरीला जातो. मुलाला 'स्वतःचे स्वतः' झोपवण्याची गरजच येथे निर्माण होत नाही, कारण रात्रीचे ओझे एकाच्या डोक्यावर नसते.

परंतु हे चित्र येथेच थांबवले तर तो परंपरेचा गौरव होईल, चिकित्सा होणार नाही. झोळीला तिचे धोके आहेत. साडीच्या पाळण्यात पीळ बसून गळ्याला फास लागल्याच्या घटना भारतीय न्यायवैद्यकाच्या नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. जायफळ उगाळून चाटवणे, घुटी देणे हे मराठी घरांत सर्रास चालत आले आहे आणि त्यामागील एक उद्देश मूल शांत झोपावे हाच असतो. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, या आरोग्य विभागाच्या सल्ल्याचा येथे भंग होतो आणि तो सल्ला या बाबतीत योग्यच आहे.

याहून गंभीर परंपरा 'बाळागोळी'ची होती. अफूची ही गोळी देऊन मुलांना झोपवण्याची प्रथा १८९३-९५ च्या अफू आयोगासमोरही आली होती. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची पाहणी सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी केली. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगार स्त्रियांच्या शंभरापैकी ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. या स्त्रिया क्रूर होत्या काय? दिवसाचे दहा तास गिरणीत उभे राहावयाचे, मूल चाळीच्या खोलीत ठेवावयाचे आणि ते कामाच्या वेळात रडता कामा नये, अशी अवस्था असेल तर मुलाची झोप ही गिरणीच्या भोंग्याला जुळवावीच लागते. इंग्लंडच्या गिरणगावांतही एकोणिसाव्या शतकात 'गॉडफ्रेज कॉर्डियल' हे अफूमिश्रित औषध याच कामासाठी विकले जात होते.

मूल कसे झोपवावे या प्रश्नाचे त्या काळी मुंबई इलाख्यात दिले गेलेले सर्वांत महत्त्वाचे उत्तर कोणा बालरोगतज्ज्ञाचे नव्हते. ते कायदेमंडळातून आले. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, प्रसूतीच्या आधी व नंतर स्त्रीला विसावा मिळणे हे राष्ट्रहिताचे असून त्याचा भार मुख्यतः शासनाने उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली. १९२९ मध्ये हा कायदा झाला. बाळागोळीच्या प्रश्नाला प्रबोधनाने नव्हे, तर आईच्या वेळेच्या हक्काने उत्तर देण्याचा हा प्रयत्न होता. स्लीप ट्रेनिंगच्या चर्चेत ही दृष्टी जवळजवळ नाहीशी झाली आहे.

झोप कोणासाठी?

या इतिहासाच्या प्रकाशात आजच्या सल्ल्याकडे पाहिले असता त्याचे उगमस्थान उलगडते. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने बाळंतपणासाठी मिळते ती १२ आठवड्यांची रजा, आणि तीही बिनपगारी. तीन महिन्यांच्या मुलाच्या आईला सकाळी कामावर जावयाचे असते, तेव्हा तीन महिन्यांच्या मुलाने रात्रभर झोपणे हे 'विकासाचे लक्षण' ठरू लागते. भारतात २०१७ मधील दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांपर्यंत वाढली. परंतु तांड्यातील बहुसंख्य स्त्रियांचे श्रम या कक्षेबाहेरचे आहेत.

मराठवाडा आणि पश्चिम विदर्भातील अनेक तांड्यांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीसाठी, वीटभट्ट्यांसाठी किंवा शहरांतील बांधकामांसाठी कुटुंबे बाहेर पडतात. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल या जोडीने फेडावयाची असते. पहाटेपूर्वी फडात जावे लागते, गाडी भरावयाची वेळ मध्यरात्रीची असू शकते. उसाच्या पाचटाची कोपी हे घर. या स्त्रीचे मूल बांधावरील झोळीत किंवा मोळ्यांच्या आडोशाला झोपते. तिच्यावर लक्ष ठेवावयास आजी नसते, असते ती सहा-सात वर्षांची बहीण, जिची शाळा त्यामुळे सुटते. तांड्यातील ज्या सामूहिक रात्रीचा वर उल्लेख केला, ती स्थलांतराच्या पाच-सहा महिन्यांत नाहीशी होते. म्हणजे 'आपल्याकडे असे प्रश्नच नाहीत' हे परंपरावादी उत्तर जितके खोटे, तितकेच 'मुलाला शिस्त लावा' हे आधुनिक उत्तर निरर्थक.

थकलेल्या आईचा प्रश्न खरा आहे आणि स्लीप ट्रेनिंगच्या समर्थकांनी तो निदान ऐकला, हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. झोपेचा दीर्घ अभाव आणि प्रसूतीनंतरचे नैराश्य यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. आपल्या शासकीय मार्गदर्शनात मात्र आई ही दूध देणारी, लस टोचून आणणारी आणि वजन करवून घेणारी व्यक्ती म्हणून येते. तिने किती झोप घेतली, हा प्रश्न सहसा पुढे येत नाही. दिवसा व रात्री मिळून आठ वेळा पाजा असे सांगणाऱ्या यंत्रणेने दिवसा तिला कोण उठू देणार नाही, हेही सांगावयास हवे होते. कायद्यांनी ही बाब कागदावर पूर्वीच मान्य केली आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची मजुरीवर नेमणूक करावी, असे म्हटले होते. फडावर यांपैकी काहीच पोहोचले नाही. कारण कोयत्याचा मालक कोण, कारखाना की मुकादम, हाच वाद मिटलेला नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मिळणारे पाच हजार रुपये उचलीच्या रकमेपुढे नगण्य ठरतात.

सल्ल्याची भाषा हाही एक स्वतंत्र मुद्दा आहे. माता व बालसंरक्षण कार्ड मराठीत असते. तांड्यातील रात्रीची भाषा गोरमाटी असते. कार्डावर मुलाच्या वाढीची वक्ररेषा असते, परंतु मूल कोठे झोपते, झोळीचे कापड कोणते, दोरी कशाला बांधली आहे, घरात बिडी कोण ओढतो, रात्री बाळाजवळ दारू प्यालेला माणूस झोपतो काय, असे प्रश्न विचारण्याची जागा नसते. पाश्चात्त्य सल्ल्यातील जो भाग खरोखर जीव वाचवणारा आहे, तो याच प्रश्नांत आहे. पाठीवर झोपवणे, तोंडावर कापड न येऊ देणे, धूर आणि दारू यांपासून बाळाचे अंथरूण दूर ठेवणे, या गोष्टींसाठी वेगळी खोली लागत नाही की वेगळा पाळणा लागत नाही. रडू देण्याचे वेळापत्रक तर मुळीच लागत नाही.

२०१८ पासून सुरू झालेल्या बालकांच्या गृहभेट कार्यक्रमात आशा स्वयंसेविकेने मूल ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचे असताना घरी जावयाचे असते. यांतील प्रत्येक भेट झोपेविषयी बोलण्याची संधी होऊ शकते. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यांच्या भेटी ऊसतोडीच्या हंगामात येतात. त्या वेळी मानोरा तालुक्यातील घराला कुलूप असते आणि मूल पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटक सीमेवरील एखाद्या कारखान्याच्या हद्दीत, जेथील आशाच्या यादीत त्याचे नाव नाही अशा ठिकाणी, बांधावरच्या झोळीत झोपलेले असते.